बदामांची वही

(पत्राचा गोषवारा. लिहिणारीची ओळख उघड होऊ नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

पत्र एका आईचं आहे. मुलगी १४ वर्षांची. वर्षभरापासून ती एका विशीतल्या इन्फ्लुएन्सरचे व्हिडिओ पाहते आणि तिला ‘दी’ म्हणते. आधी नुसतं पाहणं होतं. मग केस कानामागे सारण्याची लकब आली, प्रत्येक वाक्याला शेपटासारखं ‘कळलं ना?’ लागलं, चित्रकलेची वही मागे पडली आणि टेबलावर डायरी सजवायच्या पट्ट्या नि स्टिकर आले. ‘घरात माझी मुलगी नाही, त्या मुलीची झेरॉक्स राहते,’ असं आई लिहिते. मागच्या महिन्यात कपाट आवरताना एक वही हाती लागली. पानापानावर तीन रकाने: तारीख, दीच्या व्हिडिओवर केलेली कमेंट, आणि तिसऱ्यात लाल पेनाने बदाम किंवा फुली. दीने कमेंटला बदाम दिला असेल तर बदाम, नाही तर फुली. आईने वही पुढ्यात धरून जाब विचारला तेव्हा मुलगी रडली, चिडली आणि म्हणाली, ‘मी तिची कॉपी करत नाही, तीच माझी करते.’ दी हल्ली प्रत्येक व्हिडिओची सुरुवात ‘थांबा, आधी खरं सांगते’ असं म्हणून करते. ते वाक्य आपणच कमेंटमध्ये सुचवलं होतं, असं मुलीचं म्हणणं. वडील म्हणतात, वय आहे, जाईल. आईचे प्रश्न असे: फोन काढून घेऊ का? अकाउंट बंद करू का? त्या मुलीलाच मेसेज टाकून ‘माझ्या मुलीला नादी लावू नकोस’ असं बजावू का? आणि माझी मूळची मुलगी मला परत कशी मिळेल?

सगळ्यात आधी ती वही. तुम्ही ती परत दिलीत का, हे पत्रात नाही. दिली नसेल तर आज तिच्या हातात द्या आणि ‘मी न विचारता वाचली, चुकलं माझं’ एवढंच बोला. पुढे ‘पण’ जोडू नका. ‘पण काळजी वाटते म्हणून’ हे तुमच्या ओठांवर येणार, मला माहीत आहे. ते गिळा. बाकीचं सगळं त्यानंतर.

आता ‘मूळची मुलगी’. या शब्दाशी मी पत्र वाचताना अडखळले. तुमच्या मनात असं दिसतं की चित्रं काढणारी मुलगी अस्सल होती आणि डायरी सजवणारी नक्कल आहे. पण चित्रं काढायचं वेड तिला कुठून लागलं? तुम्ही लिहिलेलं नाही, मला मात्र दाट संशय आहे की तुमच्याकडूनच. तेव्हा ती तुमच्यासारखी पेन्सिल धरायची, तेव्हा तुम्हाला झेरॉक्स आठवलं नाही.

आम्हाला शाळेत भूगोलाला एक बाई होत्या. फळ्यावर ‘श’ लिहिताना त्या वरची गाठ अशी काही झोकात वळवायच्या की मी महिनाभर वहीच्या मागच्या पानांवर नुसते ‘श’ काढले. नंतर त्यांचं चष्मा पुसत पुसत वर्गाकडे बघणंही उचललं, आणि मला चष्माच नव्हता. बाई वर्षभराने सुटल्या, ‘श’ राहिला. आजही पाकिटावर पत्ता लिहिताना तो येतो. तो बाईंचा की माझा, हे मला सांगता यायचं नाही, आणि आता त्याने काही अडतही नाही.

किशोरवयात माणूस असाच जमत जातो. इथलं थोडं, तिथलं थोडं अंगावर चढवून बघायचं, घट्ट झालं तर उतरवायचं. एरिक एरिक्सन या मानसशास्त्रज्ञांनी या वयाकडे मुदतीची सूट म्हणून पाहिलं: ओळख शोधायची, ती लगेच पक्की करायची सक्ती नाही. त्यांचाच धागा पकडून जेम्स मार्सिया यांनी १९६६ मध्ये एक वेगळी अवस्था दाखवली. काही मुलं शोध न घेताच कुणीतरी हातात दिलेली ओळख घेऊन मोकळी होतात. बाहेरून ती फार शहाणी, फार ठाम दिसतात. आणि ती ओळख बहुतेक वेळा आईवडिलांनी दिलेली असते. म्हणून ‘मूळची परत हवी’ असं म्हणताना आपण काय मागतो आहोत, ते जरा तपासून घ्या.

मग सगळं ठीकच आहे, असं नाही. माझ्या बाईंमध्ये आणि तिच्या दीमध्ये एक मोठा फरक आहे. मी ‘श’ उचलला, हे बाईंना कधीच कळलं नाही. कळलं असतं तरी त्यांनी त्यापायी स्वतःचं अक्षर बदललं नसतं. दीला मात्र कळतं. तिची सगळी कमाई त्या कळण्यावर चालते.

व्हिडिओ टाकणाऱ्याला मागच्या बाजूने काय दिसतं, ते बहुतेक पालकांनी पाहिलेलं नसतं. तिथे एक उतरती रेघ असते. कितव्या सेकंदाला किती माणसं उरली आणि कुठे निसटली, हे ती रेघ सांगते. वीस वर्षांची एक मुलगी व्हिडिओत सांगते की सध्या मी एक जाड पुस्तक वाचते आहे, आणि नेमकी तिथे रेघ कोसळते. पुढच्या वेळी ती पुस्तकाचं नाव काढत नाही. डायरीचं पान उघडलं की रेघ सपाट राहते, म्हणजे मुलं थांबली. मग डायरी रोज येते. कुणी तिला हुकूम दिलेला नाही, तिने फसवायचंही ठरवलेलं नाही. हजारो चौदा-पंधरा वर्षांच्या अंगठ्यांनी तिला हळूहळू त्या कोपऱ्यात सरकवलं आहे. आणि एखाद्या दिवशी तिला डायरीचा कंटाळा आला, केस कापावेसे वाटले, जरा गंभीर काही बोलावंसं वाटलं, की खाली कमेंटांची रांग लागते: ‘तू बदललीस.’ ‘आधीची दी हवी.’ ओळखीचं वाटतंय ना? तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य जवळपास हेच आहे.

तेव्हा ‘तीच माझी कॉपी करते’ हे मुलीचं बोलणं हसण्यावारी नेऊ नका. ते वाक्य खरोखर तिचं असू शकतं. इन्फ्लुएन्सर कमेंट वाचतात, त्यातून विषय घेतात, शब्दही घेतात. किंवा आणखी पन्नास मुलांनी तेच सुचवलं असेल आणि प्रत्येकाला ते आपलं वाटत असेल. कुणाचं होतं, याचा निवाडा आता होणार नाही, करायलाही जाऊ नका. तिच्या बाजूने बघितलं तर घराबाहेरच्या एका मोठ्या माणसाने तिचा शब्द उचलला आणि तो आता हजारो लोक ऐकतात. चौदाव्या वर्षी याची धुंदी केवढी असेल! तिचा एखादा शब्द, एखादी कल्पना तुमच्या घरात शेवटची कधी उचलली गेली? टोमणा नाही हा. मीही माझ्या घरात डोकावून पाहिलं आणि उत्तर चटकन सापडलं नाही.

खरी काळजी मला वाटते ती तिसऱ्या रकान्याची.

डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोघांनी १९५६ मध्ये, टीव्ही नवा असताना, एक गोष्ट टिपली होती. पडद्यावरचा माणूस थेट आपल्याकडे बघून बोलतो आणि बघणाऱ्याला तो घरचा वाटू लागतो, पण नातं एकाच बाजूने चालतं. आता त्या भिंतीला एक बारीक भोक पडलं आहे. पलीकडून कधीतरी उत्तर येतं. हे ‘कधीतरी’च घातक. दीने प्रत्येक कमेंटला बदाम दिला असता तर तुमच्या मुलीने वही घातलीच नसती. कधीच दिला नसता तर दोन महिन्यांत नाद सुटला असता. कधी येतो, कधी येत नाही, म्हणून हिशोब ठेवावा लागतो. कबुतरांवर प्रयोग करणाऱ्या बी. एफ. स्किनर यांना हे कधीच दिसलं होतं: दाणा केव्हा पडेल याचा नेम नसला की कबुतर टोचत राहतं.

त्यात हे वय. डेव्हिड एल्काइंड यांनी १९६७ मध्ये ‘काल्पनिक प्रेक्षक’ ही कल्पना मांडली. या वयात मुलांना वाटतं की सगळं जग आपल्याकडेच बघतंय, नाकावरची पुटकुळी सगळ्या वर्गाला दिसली. पूर्वी हे भूत आपोआप उतरायचं, कारण प्रत्यक्षात कुणी बघत नसायचं. आता त्या प्रेक्षकांची मोजणी पडद्यावर आकड्यात येते. २०१६ मध्ये अमेरिकेत ३२ किशोरवयीन मुलांवर एक प्रयोग झाला. मुलांना फोटो दाखवले, त्याखाली लाइकचे आकडे संशोधकांनीच घातलेले. तोच फोटो, पण आकडा मोठा असला तर मुलं त्याला लाइक करायची शक्यता वाढली, आणि स्वतःच्या फोटोखाली मोठा आकडा दिसला की मेंदूतला बक्षिसाने सुखावणारा भाग जास्त चेतला. प्रयोग छोटा होता, त्यावर इमले बांधू नयेत. पण ‘मला काय आवडतं’ या प्रश्नाचं उत्तर आकडा आधीच कुजबुजून जातो, एवढं तरी त्यातून दिसतं.

तर लकबी सोडा. ‘कळलं ना?’ सोडा, ते तुम्हाला वर्षभरात आठवणारही नाही. फुली पडलेल्या दिवशी घरात काय होतं, ते पाहा. ती जेवते का? मैत्रिणीचा फोन घेते का? रात्री उठून फोन बघते का? फुलीनंतरची कमेंट आधीच्यापेक्षा जास्त गोड, जास्त लाचार होते का? (हे वही पुन्हा उघडून बघू नका. तिलाच विचारा, आणि लगेच नाही.) फुली पडली तरी ती शिव्या घालून झोपून जात असेल, तर माझी निम्मी काळजी मिटली.

आणखी एक प्रश्न मी अशा घरांना हमखास सुचवते. गप्पांच्या ओघात विचारा, ‘दीचं कुठलं म्हणणं तुला पटत नाही?’ एखादं जरी उत्तर आलं, ‘ती ना, गणिताला उगाच नावं ठेवते’ असं काहीही, तर समजा मुलगी कपडे घालून बघते आहे, कातडी बदलत नाहीये. ‘सगळंच पटतं’ असं आलं तर घाबरू नका, फक्त दोन महिन्यांनी पुन्हा विचारा.

आता तुमचे पर्याय. फोन काढून घेतलात तर ती मैत्रिणीच्या फोनवर बघेल आणि तुम्हाला सांगणं बंद करेल. सौदा तोट्याचा आहे. पण रात्री झोपण्याच्या खोलीत फोन नाही, हा नियम जरूर करा, आणि तो घरातल्या सगळ्यांना लागू करा. तुमचे आणि तिच्या बाबांचे फोनही बाहेरच्या खोलीत चार्जिंगला. हे जमणार नसेल तर तिच्याकडूनही अपेक्षा नको. अकाउंट बंद करणं मला आत्ता चूक वाटतं, कारण तिचा शब्द जिथे ऐकला गेला ती जागा तुम्ही मोडाल आणि तिच्या जागी द्यायला तुमच्याकडे अजून काही नाही. मात्र काही गोष्टी दिसल्या तर माझं मत तिथेच फिरेल: अनोळखी मोठ्या माणसांचे खासगी मेसेज, लपवून केलेला खर्च, खाणं सोडणं, स्वतःच्या शरीराची किळस, स्वतःला इजा. तेव्हा वाट बघू नका, समजुतीच्या गप्पांत वेळ घालवू नका. समुपदेशक किंवा डॉक्टर गाठा, अकाउंटचं नंतर बघता येईल.

‘जाईल’ म्हणणाऱ्या बाबांचं अर्धं बरोबर आहे. ही दी जाईल. वर्ष-दोन वर्षांत तुमच्या मुलीला तिचे व्हिडिओ बालिश वाटतील. पण तीन रकाने आखायची सवय मागे राहिली तर तिसऱ्या रकान्यात उद्या दुसरं कुणीतरी येईल, एखादी मैत्रीण, एखादा मुलगा, एखादा साहेब. म्हणून नुसतं वय जाऊ देऊन भागणार नाही.

मग करायचं काय? तिच्याबरोबर बसून दीचे तीन व्हिडिओ बघा. फोन तिच्या हातात, निवड तिची. मध्ये ‘शी’ म्हणायचं नाही. बघून झाल्यावर चांगल्या-वाईटाचं बोलू नका, कारागिरीचं विचारा. इथे व्हिडिओ का तोडला असेल? मागचा दिवा कुठून येतोय? ही पट्टी तिने विकत घेतली की कंपनीने पाठवली, आणि तसं कुठे लिहिलंय का? पैसे घेऊन केलेली जाहिरात असेल तर तसं सांगायचा नियम बऱ्याच देशांत आहे, पण ती खूण इतक्या बारीक अक्षरात असते की ती शोधायचा खेळच होतो. माझा अनुभव असा की या वयाच्या मुलांना कुणी रागावलेलं चालतं, पण कुणी बनवलेलं अजिबात चालत नाही. तुम्ही सांगितलंत तर ते प्रवचन ठरेल, तिने शोधलं तर तिचा शोध.

जमलं तर तिला स्वतः ३० सेकंदांचा एक व्हिडिओ करू दे. टाकायचा नाही, फक्त करायचा. ‘थांबा, आधी खरं सांगते’ हे वाक्य कॅमेऱ्यासमोर म्हणायला लावा. पहिल्या टेकला ती हसेल. पाचव्याला उजेड चुकेल, आठव्याला तुम्ही मध्ये शिंकाल. चौदाव्या टेकला तेच ‘खरं’ अगदी ताजं असल्यासारखं म्हणून बघू दे. दीबद्दल तुम्ही महिनाभर बोलून जे सांगू शकणार नाही ते तिला तिथे कळेल, आणि कदाचित दीबद्दल थोडी कणवही वाटेल. ती वाटली तर उत्तम. देव्हाऱ्यातल्या माणसाची कणव येत नाही, बरोबरीच्या माणसाची येते.

आणि एक जागा अशी हवी जिथे तिचं काही मोजलं जात नाही. छंदवर्ग म्हणत नाहीये मी, तिथेही हल्ली पदकं असतात. घरात एखादं काम पूर्णपणे तिच्या डोक्याने होऊ द्या, खोलीची मांडणी म्हणा, सुट्टीच्या दिवसाचा बेत म्हणा, आणि ती सुचवेल ते खरोखर करा, तुम्हाला पटलं नाही तरी. बदाम देऊ नका. ‘वा, छान’ सुद्धा जपून. नुसतं तिच्या म्हणण्याप्रमाणे कपाट हलवा.

हे सदर वाचणाऱ्या मुलामुलींसाठी दोन शब्द. कमेंटला उत्तर आलं नाही याचा अर्थ तुमची कमेंट वाईट होती असा होत नाही, ती बहुधा वाचलीच गेली नाही. इन्स्टाग्रामवर लाइकचे आकडे लपवता येतात, २०२१ पासून ती सोय आहे. आठवडाभर लपवून बघा. न आवडल्यास परत उघडा, मी विचारायला येणार नाही. आणि तुमच्यातल्या जे स्वतःच विशीत ‘दी’ किंवा ‘दादा’ झाले आहेत त्यांना: तुम्हाला बदलायची परवानगी आहे. बदललात तर गुपचूप बदलू नका, तोंडाने सांगा, ‘मला याचा कंटाळा आला.’ समोरच्या १४ वर्षांच्या मुलीला कंटाळा येऊ शकतो, हे कुणीतरी दाखवावं लागतं. आणि एखादी आवडती गोष्ट कॅमेऱ्यापासून लांब ठेवा, जिची रेघ तुम्हाला कधीच दिसणार नाही.

राहिला तुमचा मेसेजचा प्रश्न. नका पाठवू. तिच्या वहीनंतर तिची दुसरी खासगी जागाही तुम्ही तुडवाल, आणि ते ती विसरायची नाही. शिवाय त्या मुलीकडे रोज मेसेजचा ढीग येत असणार. तुमचा वाचलाच गेला नाही तर तुमच्याही नावापुढे एक फुली. आणि वाचला गेला तर मला जास्त भीती वाटते. एका चिडलेल्या आईचा मेसेज म्हणजे आयता विषय आहे. ती त्याच्यावर व्हिडिओ करेल, तुमची मुलगी तो बघेल, आणि त्याची सुरुवात होईल ‘थांबा, आधी खरं सांगते’ने.